दादांची बॅटरीगाडी आणि माझी हुशारी

आमच्या आईनं दादांचा कारखाना पाहिला तो ताशी अर्धा मैल या वेगानं, आणि त्याचं संपूर्ण श्रेय माझ्याकडे जातं.

दादा म्हणजे माझे वडील. साजगावच्या एका कारखान्यात ते माल वाहायची बॅटरीवरची गाडी चालवायचे. पुढे दोन माणसांची सीट, मागे लांब फळी, फळीखाली बॅटऱ्या. आवाज नाही, धूर नाही. दहिवलीला आमची थोडी भातशेती होती, त्यामुळे दादा या गाडीलाही बैलच समजत. संध्याकाळी चार्जिंगला लावताना म्हणायचे, "चल, वैरण खा!"

आईनं त्यांना सत्तावीस वर्षं डबा बांधून दिला, पण तो ते कुठं बसून खातात हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची आणि घरच्या माणसांना आत जायची मुभा असायची. पण दर दसऱ्याला काहीतरी आड यायचं. कधी कापणी, कधी बाळंतपण. (तेही म्हशीचं!) पुढे तिचे गुडघेच गेले. ऐंशी सालाच्या आगेमागे दादांचा नोकरीतला शेवटचा दसरा आला, तेव्हा ते म्हणाले, "यंदा तुला माज्या गाडीत बसवून फिरवतो. येक पाऊल टाकू नको." आईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं चार दिवस आधीच काढून ठेवलं. शेजाऱ्यांचा टेंपोही सांगून ठेवला.

मी नुकताच आयटीआयमधून वायरमन होऊन बाहेर पडलो होतो. इतका हुशार मी त्याआधी कधी नव्हतो आणि त्यानंतरही कधी झालो नाही.

पूजेच्या वेळी बैल जुंपलेला नसावा, हा दादांचा नियम. म्हणून पूजेआधी सीटच्या बाजूचा बॅटरीचा मोठा प्लग ते उपसून ठेवत आणि नारळ फुटला की परत खोचत. त्या वर्षी म्हणाले, "बाळू, यंदा जोत तू सोड. तू आता वायरमन झालास."

मी ऐटीत प्लग उपसला. आईनं झेंडू, आंब्याची पानं आणि भाताच्या लोंब्या ओवलेला जाडजूड हार बरोबर त्याच्यावर घातला. हळदकुंकू झालं, नारळ फुटला. "आता सांजपावतर हार कुनी हलवायचा नाय हां!" आईनं बजावलं. मी दोन पेढे खाल्ले आणि प्लगला साफ विसरलो.

आईला हात देऊन सीटवर बसवलं. दादा शेजारी बसले. त्यांनी पेडल दाबलं. गाडी ढिम्म!

"काय झालं वो?" आई.

"बिगाड दिसतोय," दादा म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले.

"दादा, तुम्ही उतरा. मी बघतो," मी बाह्या सरसावल्या. बॅटऱ्यांना टेस्ट लॅम्प लावला. लख्ख पेटला! "बॅटऱ्या ठणठणीत. म्हणजे फ्यूज!" फ्यूज बदलला. ढिम्म. "म्हणजे स्विच!" स्विच खोलला. ढिम्म. "म्हणजे मोटर!" मी नव्या पांढऱ्या शर्टासह गाडीखाली शिरलो. तासाभरात अर्धी गाडी वर्तमानपत्रावर मांडून झाली. चालू अशी एकच वस्तू उरली, रबरी भोंगा. (तो विजेवर नव्हता.)

गणपत फिटर दादांचे जोडीदार. ते हळूच म्हणाले, "बाळू, त्यो हार जरा उचलून बग की."

"गणपतकाका, पूजेचा हार आहे तो! शिकलो म्हणून रीतभात सोडायची की काय?"

आईनं अभिमानानं चारचौघांकडे बघितलं.

तेवढ्यात गेटवरचा वॉचमन सांगून गेला, "एकला गेट बंद हां." साडेअकरा होऊन गेले होते. आई म्हणाली, "ऱ्हाऊंदे रं बाळू. पेढा मिळाला, तेवढं बास झालं," आणि एका हातानं गुडघा धरून उतरायला लागली.

"उतरू नको!" दादा ओरडले. "बैल बसला म्हनून आमी बसलो काय? गणपत, लाव खांदा!"

सहा जणांनी गाडी ढकलली. दादा स्टेअरिंगवर, शेजारी आई, मागे काळाकुट्ट मी. शेड आली की दादा थांबवत, यंत्राचं नाव सांगत. वाटेत भेटेल तो म्हणे, "वैनी, तुमची सुकटीची चटनी आमी लय खाल्ली!" आई पदराआड हसत होती. तिला इतकी माणसं ओळखतात, हे तिला ठाऊकच नव्हतं.

शेवटी बॉयलरच्या मागे, आंब्याखाली, एक पालथं खोकं आलं.

"हितं?" आईनं विचारलं.

"हितं."

तिनं उतरून खोकं पदरानं पुसलं आणि त्यावर बसली. मग म्हणाली, "वारा चांगला हाय."

परत आल्यावर घरच्या देवासाठी दोन फुलं घ्यावीत म्हणून तिनं हारात हात घातला. "बाळू, ही वायर अशी सुटी कशी रं?"

घामानं निथळणारे सहा जण माझ्याकडे बघत होते. मी आभाळाकडे बघितलं.

टेंपोत दादा कानाशी म्हणाले, "मला पयल्यापासून ठावं व्हतं."

"मग बोलला का नाही?"

"आदी तुजी गंमत बगत व्हतो. मंग म्हनलं, समदं जोडून पलग लावला तर धा मिंटात फेरी सपल."

आता दोघंही नाहीत. खालापूरच्या बाजूला रिसॉर्टं झाली आहेत, पाहुण्यांना फिरवायला तशाच बिनआवाजाच्या गाड्या असतात. एखादी दिसली की मी थांबतो. सीटवर हिरवं लुगडं दिसेल असं उगाच वाटतं, आणि दोघांची फार आठवण येते.

परवा त्यातली एक रस्त्यातच बंद पडली. मी ऐटीत पुढे झालो. "सरका! तीस वर्षं वायरमन होतो!" पहिल्यांदा प्लग बघितला. तो लागलेला होता. तिथं माझं ज्ञान संपलं.

"ढकला," मी म्हणालो, आणि सगळ्यांच्या आधी खांदा लावला.