सनस्टोनवरची खूण

सुरतेला हिऱ्यांच्या कारखान्यात हात बसला होता. काष्टीला परत आल्यावर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी चाक बसवलं आणि अंगठीचे खडे घासू लागलो. निवडायला माणूस नव्हता, म्हणून बायकोला शिकवलं. तिथंच माझं पोट दुखायला सुरुवात झाली.

सनस्टोन नावाच्या दगडाच्या पोटात तांबूस रंगाचे बारीक पापुद्रे एकाच पातळीत पसरलेले असतात. खड्याचा तळ त्या पातळीला समांतर धरला तर चमक सगळ्या माथ्यावर पसरते. जरा तिरका धरला की एका कडेला जाऊन बसते. ती पातळी मला अर्धा तास सापडायची नाही. बायको दगड पाण्यात बुडवायची, दिव्याखाली दोनदा फिरवायची आणि पेन्सिलीनं रेघ ओढून मोकळी व्हायची.

पुण्याचा व्यापारी यायचा तो सरळ तिच्याच टेबलाशी. एकदा म्हणाला, "दादा, घासायचं तुमी बघा. डोळं वैनींचं हायेत." मी हसलो. चहा मात्र त्या दिवशी मला गेला नाही.

पुढच्या खेपेला त्यानं लिंबाएवढा एक दगड आणला. एवढा मोठा सनस्टोन आमच्या शेडमध्ये कधी आला नव्हता. "हा वैनींच्या खुनंवर घासा," एवढंच बोलून तो गेला. तिनं खूण केली आणि भाकरी टाकायला घरात गेली. मी ओल्या फडक्यानं तिची रेघ पुसली आणि जराशी तिरकी दुसरी ओढली.

खडा तयार झाला. चमक कडेला. व्यापाऱ्यानं तो उलटसुलट केला. "वैनी, लग्नाला-बिग्नाला जायची घाई हुती का?"

ती हसली नाही. मला म्हणाली, "माझ्याच खुनंवर घासला नव्हं?"

"तुझ्याच."

तेव्हापासून ती प्रत्येक दगड माझ्यापुढं धरून विचारायची, "अवो, असंच ना?" तिचं बरोबर असायचं. मी मुद्दाम थोडा वेळ लावून मान हलवायचो. चार वर्षं हे चाललं, आणि मला ते आवडायचं.

गेल्या महिन्यात तिनं निवडायचं कामच सोडायचं ठरवलं. "माझ्या नजरंचा काय भरवसा न्हाई. तुमीच करा. मी शेरडं बघते."

मी चाक बंद केलं. "त्या मोठ्या दगडावरची तुझी खूण बरोबर हुती. मी पुसली. तिरकी केली."

"चुकून?"

"न्हाई."

"आन् मी चार वर्सं तुमाला इचारत बसले."

त्या सकाळी तिच्याऐवजी मीच निवडून ठेवलेलं पहिल्या प्रतीचं ताट तिनं पुढं ओढलं, एकेक खडा दिव्याखाली धरला आणि त्यातले सहा तिसऱ्या प्रतीत टाकले. मला काही विचारलं नाही.

ती घरात गेल्यावर मी ते सहा खडे घेऊन बसलो. त्यातल्या एकाच्या तरी बाबतीत ती चुकली असेल, असं मला फार वाटत होतं. एकातही चुकली नव्हती.