बारा हजार चारशे एकवीस

संप म्हटलं की लोकांना उपासमारीच्याच गोष्टी हव्या असतात. उपासमार होतीच हो! पण कापड विणायचे साचे बंद पडले तरी साचेवाल्यांची डोकी थोडीच बंद पडतात? लालबागला आमच्या मिलच्या गेटबाहेर बसून बसून किस्सेच इतके साठले की विचारू नका.

*

सुरुवात आमच्यातल्या नारायणने केली. घोषणा लिहून उरलेला खडू होता, समोर मिलची भिंत. हा एकेकाच्या बिल्ल्याचा नंबर घेऊन भागायला लागला. माझा ११३४०. दोनाने जातो, तिनाने जातो, पाचाने, साताने, नवाने, दहाने...

"तुझा नंबर म्हणजे धर्मशाळा आहे रे! कोणीही यावं!"

*

मग शांतारामचा १२४२१. उलटा वाचा, सुलटा वाचा, तोच. आणि भाग कशानेच जाईना! तेविसाने तर बाकी फक्त एक उरली.

"अरेरे, थोडक्यात हुकला!" मी म्हणालो.

"हुकला कसला? वाचला!" शांताराम ओरडला.

एकशे नऊपर्यंत भिंत भरली. नारायणने खडू टाकला. "पुढे बघायला नको. मोठ्याने भाग गेला असता, तर त्याचा धाकटा जोडीदार आधीच सापडला असता. मूळ संख्या!"

त्या दिवशी शांताराम छाती काढून करी रोडपर्यंत चालत गेला.

*

दुसऱ्या दिवशी हवालदार आला. "हा काय कोड आहे? कोणाचा निरोप?"

"भागाकार आहे, साहेब."

त्याने काठी काखेत मारली आणि बराच वेळ भिंत वाचली. जाताना म्हणाला, "सतराची बाकी चुकलीय. अकरा पाहिजे."

*

शांतारामची बायको, सुशीलावहिनी, मात्र भडकली. "नंबराक भाग जाणा नाय म्हणान नाचतास? हय एक भाकरी चौघांत मी रोज वाटतंय!"

त्यानंतर नारायणचा खडू चार दिवस खिशातच राहिला.

*

पुढे संप विझत गेला. मिलने एकेकाला बोलवायला सुरुवात केली, पण नवा माणूस म्हणून. नवा बिल्ला, आणि मागची सगळी नोकरी पुसलेली. मी गेलो. घरी पोरं होती. अजून सलतं ते.

मग शांतारामला बोलावणं आलं. त्या सकाळी वहिनीने त्याचा जुना बिल्ला पदराने पुसला आणि स्वतःच्या हाताने त्याच्या सदऱ्याला लावला. गेटवर आम्ही सगळे जमलो होतो. आतल्या साहेबाने गेटातच मांडलेल्या टेबलावर नवा बिल्ला सरकवला, १२४२२.

"एवढा विचार कसला करतोस? एकाचा तर फरक आहे!"

शांतारामने बिल्ला उचलला, नीट पाहिला आणि परत टेबलावर ठेवला.

"साहेब, हा दोनाने जातो."