लाकडी तलवारी

दिवाळी झाली की आमच्या आसगावकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा, रात्री नाटक. सत्तर सालानंतरच्या त्या वर्षांत माझा धाकटा भाऊ नाटकात सरदार व्हायचा. तलवारीही तोच तासायचा, लाकडाच्या, वरून चंदेरी रंग.

तेव्हाच पवनीच्या रस्त्यावर पोरांची एक टोळी माजली होती. बाजारातून येणाऱ्याला अडवायचं, घड्याळ काढून घ्यायचं, बोलला तर सायकलच्या चेननं मारायचं. पोरं कोणाची, हे आम्हा बायांना चांगलं ठाऊक. म्होरक्या धानगिरणीवाल्याचा पोरगा. पण सगळ्यांचं धान तिथंच भरडायला जायचं, मग बोलतं कोण?

अशात भाऊ सोबत्यांना घेऊन दुसऱ्या गावच्या मंडईला निघाला. तलवारी पोत्यात, मुठी बाहेर. बसथांब्यावर कोणीतरी पाहिलं, आणि संध्याकाळपर्यंत पवनीत पक्कं झालं की टोळी म्हणजे हीच आसगावची पोरं. आमच्या घरी शिपाई आले, तलवार हातात घेऊन पाहिली, हसले, गेले. ते हसणं काही पवनीला पोचलं नाही.

भावाची सोयरीक जुळत आली होती. पोरगी त्याच्या मनात भरली होती. तिच्या मामानं आपल्याकडच्या रीतीनं चौकशी केली, म्हणजे आमच्या घरी न येता पवनीतल्या पानठेल्यावर विचारलं. नकार आला.

मी तलवार घेऊन त्यांच्या दारी गेले.

"मामाजी, हे पाहा. लाकूड हाये."

"तुम्ही बहीण. तुम्ही कायले वाईट सांगान?"

"मंग शिपायाले विचारा."

"घरी शिपाई आले होते, हे तुम्हीच सांगून राहिल्या न, बाई?"

"अन् त्या पानठेलेवाल्यानं काय पाह्यलं?"

"त्याले खोटं सांगून काय भेटते?"

आता याला काय म्हणावं? ज्याला माहीत आहे तो घरचा, म्हणून खोटा. ज्यानं काही पाहिलंच नाही तो परका, म्हणून खरा.

उन्हाळ्यात ती पोरगी गिरणीवाल्याच्या घरी द्यायचं ठरलं. त्याच पोराला. चौकशी झाली ना, त्याच पानठेल्यावर. घर चांगलं, पोरगा शांत, असं सगळ्यांनी सांगितलं म्हणे.

भाऊ आईला म्हणाला, "कोणी तरी सांगा तिच्या मामाले."

"आपण सांगू तं जळून सांगून राहिले म्हणतीन," आई म्हणाली.

आणि तसंच म्हणाले असते. वरात आमच्याच रस्त्यानं गेली. भाऊ छपरावर कवेलू फेरत होता, पावसाआधी कौलं नीट बसवायची म्हणून. बँड दूर जाईपर्यंत तो खाली उतरला नाही, आणि आम्हीही कोणी त्याला हाक मारली नाही.