बाहेरून लावलेलं कुलूप

कॅन्सरमुळं माझ्या नवऱ्याचं बरंचसं जठर काढून टाकलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन चांगलं झालंय. पण तंबाखू परत सुरू करू नका. थोडंथोडं, सावकाश खा. रोज चाला. हमी मी देत नाही, पण तुमच्या हातात जेवढं आहे तेवढं सोडू नका."

मानवतला धान्याच्या आडतीवर हे मुनीम होते. तंबाखू मळल्याशिवाय त्यांना काम सुचायचं नाही. माझी शाळेतली रजा संपली त्या सकाळी तेच म्हणाले, "बाहेरून कुलूप लावून जा."

"असं कसं?"

"टपरी कोपऱ्यावर हाय. माझा भरोसा मलाच न्हाई."

मी ग्रिलला कुलूप लावलं. वर्गात फळ्याकडं तोंड केलं की घर दिसायचं. संध्याकाळी परत आले की ते न विचारता तोंड उघडून दाखवायचे. खोलीतून स्वयंपाकघरात आणि परत, एवढंच त्यांचं चालणं. ठेचा-भाकरीवर वाढलेला माणूस वाटीभर मऊ खिचडीकडं नुसता बघत बसायचा. पाथरीला भाचीचं लग्न झालं, मी गेले नाही.

"कैदी मी," ते म्हणाले, "पण अडकलीस तू."

एका दुपारी शेजारच्या वहिनींचा शाळेत फोन आला. त्यांनी ग्रिलमधून पूजेचा शिरा दिला होता. भुकेल्या यांनी तो घाईघाईनं सगळा संपवला आणि थोड्याच वेळात घामाघूम होऊन फरशीवर आडवे झाले. मी धावत पोचले तेव्हा वहिनी कुलूप हिसडत होत्या. माझ्या हातातली किल्ली कुलपात जाईना.

आतून ते हळूच म्हणाले, "मला तंबाखू न्हाई, ह्ये कुलूप मारायलंय."

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, एवढं गोड एकदम आतड्यात उतरलं की असं होतं, पडू द्या थोडा वेळ. खरंच, तासाभरात यांचा घाम आणि छातीतली धडधड ओसरली.

दुसऱ्या दिवसापासून कुलूप लावलं नाही. आधी ते भीतीनं घरातच बसले. मग स्टेशनच्या रस्त्यानं चालायला लागले. एकदा परत आले ते दारातच थांबले.

"आज खाल्ली."

मी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी चूळ भरली आणि दुसऱ्या सकाळपासून टपरी टाळून लांबच्या वाटेनं जायला लागले. नंतर दिवाळीत एकदा घसरले, पुन्हा सावरले. त्यानंतर नाही.

मागच्या तपासणीत काही निघालं नाही. मी डॉक्टरांना विचारलं, "तंबाखू सुटली म्हणूनच ना?"

"मदत झाली असेल. पण त्याच्यामुळंच, असं नाही म्हणता येणार."

ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात आमच्या शेजारच्या खोलीत एक बाई होत्या. त्याच आजाराच्या. त्यांनी उभ्या आयुष्यात तंबाखूला हात लावला नव्हता, आणि त्या गेल्या. हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. तरी हे रोज चालतात, मी भात मऊ शिजवते. पुढची तपासणी जवळ आली की घरात आमचे आवाज आपोआप खाली येतात.