खिशातला भोंगा

सुरुवातीलाच माफी मागतो. आजारपणावर लिहिणारी माणसं मोठमोठ्या ऑपरेशनांतून उठलेली असतात. माझ्या अंगावर एक टाकाही नाही. मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच, आणि लिहायची सवय परीक्षेपुरती. तरी लिहितो आहे. मानसोपचार विभागाबाहेरच्या बाकावर बसलो होतो, तेव्हा माझ्यासारख्या कुणाचं काही वाचायला मिळालं असतं, तर नंबर यायच्या आधीच मी दोनदा उठून गेलो नसतो.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा डॉक्टर मॅडमनी आईला बरोबर आणायला सांगितलं. आई सावनेरजवळच्या आमच्या कोळसा खाणीच्या वसाहतीतून सकाळच्या गाडीने नागपूरला आली. मॅडमनी तिला माझ्या लहानपणाबद्दल विचारलं.

"हा पहिल्यापासून असाच आहे जी," आई म्हणाली. "मीठ आणाले धाडलं, तं दुकानासमोर मुंगळे पाहत बसे. मीठ राहून जाये. कधी कधी पिशवीबी."

मॅडम हसल्या नाहीत. बरंच काही विचारून, लिहून घेऊन त्यांनी पेन खाली ठेवलं. "याला अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर म्हणतात. थोडक्यात एडीएचडी. याला लक्षच नसतं असं नाही. लक्ष कुठे लावायचं आणि कधी काढून घ्यायचं, हे मेंदूला नीट सांभाळता येत नाही."

आईने विचारलं, "म्हणजे हा आळशी नाही ना जी?"

"नाही."

आईने पदर तोंडावर धरला. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत राहिलो.

मी दवाखान्यात का गेलो होतो, ते सांगायला हवं. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल परीक्षा मी चुकवली होती. आजारी नव्हतो, झोपलोही नव्हतो. जर्नल आणि ॲप्रन घेऊन तयार बसलो होतो. निघायला थोडा वेळ होता, म्हणून पंख्याचा रेग्युलेटर उघडला. तो दुरुस्त झाला तेव्हा परीक्षा संपली होती. सरांना हे सांगितलं तर त्यांना ते खोटं वाटलं. खरं म्हणजे मलाही ते खोटंच वाटत होतं. होस्टेलच्या खोलीतला माझा सोबती सुमेध तेवढा म्हणाला, "अबे, हे नॉर्मल नाही आहे. चाल, दाखवू." तोच मला दवाखान्यात घेऊन गेला.

परीक्षा पुन्हा होणार होती. पण तेवढी एकच संधी होती. त्यात परीक्षा निघाली नाही, म्हणजे पास झालो नाही, तर शेवटच्या वर्षाला प्रवेश नाही. बाबा खाणीत, जमिनीखाली काम करतात. ते रागावले नाहीत. "नाहीच जमलं तं घरी ये. वर ठेकेदाराकडे पाहू काही," एवढंच म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

गोळ्या सुरू झाल्या. त्यांच्याबद्दल लिहीत नाही, कारण ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. मॅडमनी दुसरी गोष्ट सांगितली ती फोनवरच्या दिनक्रमाच्या ॲपची. त्यात दिवसाची कामं टाकायची, वेळ झाली की ते वाजतं. "तुम्हाला टाइम ब्लाइंडनेस आहे," त्या म्हणाल्या. म्हणजे वेळ किती गेला, हे आतून कळतच नाही. चष्मा लागतो तसा हा बाहेरचा आधार.

मी ॲप घेतलं आणि अख्खा दिवस चौकोनांनी भरून टाकला. दात घासणे, पाणी पिणे, फिजिक्स निळ्या रंगात, केमिस्ट्री जांभळ्या. जांभळा फार गडद वाटला म्हणून बदलला. मग सगळेच रंग बदलले. सुमेध वर्गातून परत आला आणि म्हणाला, "काहून बे, लेक्चरले नाही आला?" मी त्याला फोन दाखवला. त्या लेक्चरचा चौकोन फार सुंदर झाला होता.

आठवड्याभरात सगळे चौकोन, काम राहिलं म्हणून, लाल झाले. ॲप दर थोड्या वेळाने वाजायचं आणि मी न बघताच ते बंद करायचो. शेवटी काढून टाकलं. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी इथे थांबू नये, एवढं सांगतो. मी थांबणार होतो.

पुढच्या भेटीत मॅडमनी विचारलं, "घरी असताना वेळ कशी कळायची?"

असं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, भोंग्याने. आमच्या खाणीवर पाळी बदलताना भोंगा होतो. पहिला झाला की शाळेची तयारी, दुपारचा झाला की बाबा वर येणार, म्हणून ताट-पाणी. घरात घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कुणी बघत नसे.

"मग ॲपला तेवढंच काम द्या. दिवसाच्या तीन पाळ्या. एका पाळीत एकच मोठं काम."

मी हे बाबांना फोनवर सांगितलं. ते "बरं" म्हणाले. दोन-चार दिवसांनी त्यांनी भोंग्याचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला. त्यात शेवटी कुणीतरी ओरडतं, "ओ भाऊ, डब्बा राहिला तुमचा!" तेवढं कापून मी तो आवाज ॲपला लावला. माझ्या सोयीच्या तीन वेळा ठरवल्या. फोन रिकाम्या स्टीलच्या डब्यात ठेवला की आवाज घुमायचा.

पहिल्यांदा वाजला तेव्हा सुमेध पलंगावरून उठून बसला. "अबे, आपण होस्टेलात राहून राहिलो का खदानीत?" नंतर शेजारच्या खोलीतली मुलं विचारू लागली, "काय बे, पाळी लागली का तुही?" पण मी उठत होतो. त्या आवाजाला न उठणं मला माहीतच नव्हतं.

परीक्षेच्या तयारीसाठी सुट्टीत घरी गेलो. दुपार उतरली होती, बाबा त्या आठवड्यात दुसऱ्या पाळीला, खाली होते. मी पुस्तक उघडून बसलो होतो, फोन नेहमीसारखा डब्यात. भोंगा वाजला. मी पान उलटलं, तोच मागच्या अंगणात बादली पडल्याचा आवाज आला. आई माझ्यासमोरून, ओल्या हातांनी, चप्पल न घालता, बाहेर धावत गेली.

शेजारच्या काकू दारात आल्या. "काहून वं, काय झालं?" आई थांबली नाही. ती खाणीच्या रस्त्याला लागली होती. मी मागून ओरडत पळालो, "आई, माहा फोन आहे! फोन वाजला!"

अवेळी भोंगा म्हणजे खाली काहीतरी झालं. हे वसाहतीतल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. मला ठाऊक होतं. वेळा ठरवताना ते माझ्या मनातच आलं नाही.

आई रस्त्याकडेच्या दगडावर बसली. ती मला रागावली नाही. "अवेळी वाजला ना रे," एवढंच म्हणाली आणि पायातला काटा काढू लागली.

बाबा आल्यावर मी सांगितलं की आवाज काढून टाकतो. त्यांनी आधी आईचा पाय पाहिला. मग म्हणाले, "आवाज राहू दे. वेळा तेवढ्या खऱ्या भोंग्याच्या ठेव."

तेव्हापासून माझं ॲप खाणीच्या वेळेवर चालतं. नागपुरात माझ्या खिशात वाजतं तेव्हा तिकडेही वाजत असतं. बाबा खाली उतरत असतात, नाहीतर वर येत असतात. तो आवाज मी एकदाही न बघता बंद केलेला नाही. बरा झालो असं म्हणत नाही. अजून दूध उतू जातं, अजून धरमपेठेला निघालेला मी भलत्याच बसमध्ये बसतो. पण परीक्षेला पोहोचलो. दारावरचं कुलूप उघडायच्या आधीच पोहोचलो होतो आणि खिशात स्क्रूड्रायव्हर नव्हता, सुमेधने तपासलं होतं.

निकालाच्या दिवशी मी लायब्ररीत होतो. फोन गप्प ठेवलेला, फक्त भोंग्याला परवानगी. तो वाजला, सगळ्यांनी वळून पाहिलं, मी बाहेर आलो. फोनवर सुमेधचे न घेतलेले बरेच कॉल होते. त्याला लावणार, तोच बाबांचा आला. पाळी सुटल्या सुटल्या ते कधी फोन करत नाहीत.

"वर आलो अन् तुही आई गेटवर उभी दिसली," ते म्हणाले. त्यांना अजून धाप लागलेली होती. "ती कधी येत नाही गेटवर. मले वाटलं, घरी काही झालं. धावतच आलो गा."

"काय झालं, बाबा?"

"सुमेधनं तिले फोन केला होता. तू तं उचलतच नव्हता."

मागून आईचा आवाज आला, "सांगा ना जी लवकर त्याले!"

"सांगून राहिलो ना," बाबा म्हणाले. "निघाली तुही परीक्षा. पास झाला तू."