राखेच्या बुधवारापर्यंत

आमच्या वाडीत अजून दोन-तीन म्हाताऱ्या आहेत, त्यांना वाटतं की मला प्रार्थना येत नव्हती म्हणून माझं ठरलेलं लग्न मोडलं. वाटू दे. चारचौघांत बोलायचं म्हटलं की अजून माझा गळा सुकतो. कागदासमोर सुकत नाही, म्हणून इथे लिहिते. मला सगळ्या प्रार्थना येत होत्या.

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. मी अठरा वर्षांची होते. वडील आमच्या चर्चमध्ये आणि लग्नकार्यात फिडल वाजवायचे. नाताळ उलटल्यावर शिरोड्याकडचं एक स्थळ आलं. माणूस तारवटी, म्हणजे मोठ्या जहाजावर कामाला. वय पस्तिशीच्या पुढे, पहिली बायको वारलेली. घर कौलारू, दारात माड, जेवणाची ददात नाही. वडिलांनी होकार देऊन टाकला आणि मग घरी येऊन सांगितलं.

घर बघायला आई आणि मी गेलो. त्याच्या आईने पेटीतून लग्नाचा पांढरा झगा काढला आणि माझ्या खांद्यांना लावून बघितला.

"बघ रे, हिका बरो बसता," ती मुलाला म्हणाली. "तिचा पण आंग असाच होता. नवो कशाक शिवूक होयो?"

तो पडवीत खुर्चीवर बसला होता. त्याने मान वर केली, झग्याकडे बघितलं. "कमरेत वायच घे," एवढंच म्हणाला. झग्याच्या काखेत घामाचा पिवळा डाग होता.

परतताना मी आईला विचारलं, "ती कशान मेली गो?"

"गप. असला इचारूचा नसता."

तो माणूस वाईट होता असं मी म्हणत नाही. माझ्याशी तो बोललाच नाही, तर मला काय कळणार? पण त्या झग्यात मला शिरायचं नव्हतं. आणि हे कुणाला सांगायची माझी छाती नव्हती. मी विहिरीवरसुद्धा सगळ्या बायका गेल्यावर पाणी भरायला जायची.

आता करेज्माचं सांगायला हवं. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या सणाआधीचे चाळीस दिवस आम्ही उपास आणि पश्चात्ताप पाळतो, त्याला करेज्म म्हणतात. राखेच्या बुधवारी ते सुरू होतं. त्या दिवसापासून चर्चमध्ये लग्न लागत नाही, वेदीवर फुलं नसतात, वडिलांचं फिडल कापडात गुंडाळून खुंटीला लागतं. त्या माणसाची रजा पास्काच्या आधीच संपत होती. म्हणजे लग्न व्हायचं तर बुधवारच्या आत, नाहीतर नाहीच.

आणखी एक रीत होती. लग्न ठरलं की चर्चमध्ये तीन रविवार ते सगळ्यांसमोर जाहीर करायचं. पण त्याआधी नवरानवरीने पाद्रींसमोर उभं राहून सगळ्या प्रार्थना म्हणून दाखवायच्या. आमचे पाद्री गोव्याचे, म्हातारे, आणि या बाबतीत फार कडक. एक ओळ चुकली तरी परत पाठवायचे.

पहिल्या रविवारी मिसा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर आम्ही त्यांच्या खोलीत गेलो. त्या माणसाने सगळं धडाधड म्हटलं, जसा माल उतरवून टाकतात तसं. मग माझी पाळी. लहान प्रार्थना झाल्या. मोठी, विश्वासाची, तिला आम्ही सतमानतां म्हणतो, ती सुरू केली आणि मध्येच अडले. खरंच अडले. सगळे माझ्याकडे बघत होते, जीभ टाळूला चिकटली.

"शिकून यो," पाद्री म्हणाले. "फुडल्या आयतारा."

घरी जाताना वडील बोटांवर हिशेब करत होते. "अजून बसता," म्हणाले. "पुढच्या आयतारी म्हटल्यान आणि पाद्रीन एक आयतार सोडल्यान, तरी बसता."

मी मागून चालत होते. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नाही म्हणायची माझ्यात ताकद नव्हती, पण गप्प बसण्यात माझा हात धरणारी सगळ्या वाडीत कोणी नव्हती.

आठवडाभर आईने मला घोकायला लावलं. मी भात कांडताना म्हणायची, ती चुलीपाशी बसून ऐकायची. एकही शब्द चुकला नाही. पुढच्या रविवारी पाद्रींसमोर त्याच जागी आले आणि थांबले. या वेळी जीभ मोकळी होती. मीच ती धरून ठेवली.

"घरात पोपटासारख्या बोलतंस, थंय तुका काय होता?" आईने दंड धरून विचारलं. त्या माणसाची आई बाहेरच्या पायरीवर सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "चौथी शिकलेला चेडू म्हणान सांगितल्यानी, आणि साधी प्रार्थना येणा नाय! पेज तरी येता मा शिजवूक?" बायका हसल्या. मीही मनात हसले. पेज मला उत्तम यायची.

बुधवारच्या आधीचा शेवटचा रविवार आला. वडिलांनी पाद्रींचे पाय धरले होते. तीनदा जाहीर करण्याऐवजी एकदाच करू, सोमवारी लग्न लावू, असं ठरलं होतं. मला फक्त मिसेआधी सतमानतां म्हणायचं होतं. त्याची आई झग्याचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. कंबर घेऊन झाली होती.

मी त्याच जागी थांबले. बाहेर मुलं करेज्माआधीच्या इंत्रूजाची मजा करत पत्र्याचे डबे बडवत होती, तेवढाच आवाज.

"बोल!" वडील ओरडले आणि त्यांनी हात उगारला.

"हांगा न्हय," पाद्री म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे बघितलं. तोपर्यंत ते पुस्तकाकडेच बघत होते. "तुका येना, काय सांगूंक जाय ना?"

आता गप्प बसून भागणार नव्हतं. येत नाही म्हटलं असतं तर खोटं झालं असतं, आणि त्यांनी मला समोर बसवून शिकवलं असतं. मी म्हणाले, "सांगूचा नाय."

एवढेच दोन शब्द. पण ते खोलीतल्या सगळ्यांनी ऐकले.

"मेल्या, तुझ्या चेडवान माझा नाक कापल्यान," म्हातारी वडिलांवर कडाडली. "हिका घो गावाचो नाय! बघून घे!" तो माणूस मात्र उठला, कोटाची बटणं लावली आणि म्हणाला, "चल आये, गाडी चुकतली." त्याला राग आला होता की सुटल्यासारखं वाटलं होतं, मला आजही ठाऊक नाही.

वडील पाद्रींना काकुळतीने म्हणाले, "फादर, तेचा तारू जातला हो."

पाद्रींनी पुस्तक मिटलं. "लग्न देवामुखार जाता. तारवामुखार न्हय."

बुधवारी मी डोक्यावर पदर घेऊन राखेच्या रांगेत उभी राहिले. मागच्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली ती राख. पाद्रींनी ती कपाळाला लावली, लॅटिनमध्ये म्हणायचं ते म्हटलं. माती आहेस, मातीला मिळशील. मिळेन की. पण त्या झग्यातून नाही.

ते सगळं करेज्म वडील माझ्याशी बोलले नाहीत. खुंटीला फिडल, आणि ते ओट्यावर पाठ करून बसलेले. मला वाईट वाटायचं, पण मी माफी मागायला गेले नाही. शुक्रवारी आमच्याकडे मासळीही नसायची, नुसती पेज आणि खारातला आंबा. एका शुक्रवारी आईने हळूच विचारलं, "तुका येय होता मा?"

"येय होता."

बरणीतला सगळ्यात मोठा आंबा तिने माझ्या ताटात टाकला.

पास्काआधी तो मुंबईला गेल्याचं आणि जहाज सुटल्याचं कळलं. त्याच आठवड्यात आमच्या वाडीची पापकबुली होती. करेज्मात ती चुकवता येत नाही. जाळीमागे तेच पाद्री. मी रागावल्याचं सांगितलं, आळस केल्याचं सांगितलं.

"आनीक?"

"आणखी काय नाय."

मी गुडघे हलवले नाहीत. ज्याचा मला पश्चात्ताप नव्हता ते मी पाप म्हणून सांगणार नव्हते.

शेवटी ते म्हणाले, "वेदीमुखार वच. सतमानतां म्हण. व्हडल्यान."

मोठ्याने. चर्च भरलेलं होतं. बायका रांगेत बसल्या होत्या, पुरुषांच्या बाजूला वडील होते. वेदीवरच्या मूर्ती जांभळ्या कापडाने झाकलेल्या. मी पुढे गेले, गुडघे टेकले. गळा सुकला होताच. तरी सुरुवात केली. जिथे तीनदा थांबले होते ती जागा आली, तेव्हा मागे कुजबुज थांबली. मी ती ओळ म्हटली, पुढची म्हटली, शेवटपर्यंत म्हटली. मग उठले आणि वडिलांच्या समोरून चालत आईच्या शेजारी जाऊन बसले.