पाटीवरचा शेवटचा शब्द

अण्णांचा हात थरथरायला लागला हे आमच्या अख्ख्या गल्लीला कळलं होतं. चहावाल्याला, समोरच्या बॅगवाल्याला, आईला, मला. फक्त अण्णांना मान्य नव्हतं. "आजकाल ब्रशलाच केस बरोबर येत नायत," म्हणायचे. औरंगाबादच्या जुन्या बाजारात त्यांचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. पाटी पुरी झाली की खाली उजव्या कोपऱ्यात पेंटरनं आपली बारीक सही करायची, हा त्या धंद्यातला रिवाज. अण्णा त्या सहीसाठी जगले असं मी म्हणते. बायकोसाठी आणि पोरीसाठी तर नक्कीच नाही.

मशीन माझ्या मामानं आणलं. पुण्यात कुणीतरी दुकान मोडत होतं, तिथून अक्षरं कापायचं वापरलेलं कटर आणि त्याला जोडायचा जुना कॉम्प्युटर टेम्पोत घालून घेऊन आला. अण्णांनी त्याच्याकडं पाठ फिरवली ती फिरवलीच. मी तेव्हा कॉलेज संपवून घरी बसले होते, म्हणून मी बसले मशीनवर. आमच्याकडं पाट्यांच्या चिकट विनायलला सगळे रेडियमच म्हणतात, चकाको न चकाको. रोल लावायचा, पडद्यावर अक्षरं मांडायची, हुकूम द्यायचा. ब्लेड वरचं रेडियम कापतं, खालचा कागद तसाच राहतो. मग नको ते सोलून काढायचं, उरलेल्या अक्षरांवर टेप चिकटवायची आणि सगळं एकदम उचलून काचेवर किंवा पत्र्यावर न्यायचं.

यात मराठीचा एक त्रास होता. अण्णा आधी गेरूची दोरी मारून शिरोरेघ ओढायचे, एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग तिला अक्षरं लटकवायचे. मशीनचं उलटं. तिथं प्रत्येक अक्षर आपापला रेघेचा तुकडा घेऊन येतं आणि हे तुकडे एकमेकांवर चढतात. कापायच्या आधी ते सगळे सॉफ्टवेअरमध्ये वेल्ड करून घ्यावे लागतात, म्हणजे एकजीव. विसरलात की ब्लेड प्रत्येक जोडावर आडवं कापत जातं. लावल्यावर काही कळत नाही, शब्द अखंड दिसतो. पण आमच्याकडचा उन्हाळा लागला की कडा आकसतात आणि एकेक तुकडा गळायला लागतो. हे मी माझ्या पहिल्या दोन-चार पाट्या वाया घालवून शिकले. अण्णा तेव्हा खुर्चीत बसून हसले होते.

त्यांचं हसणं वाईट. एका डॉक्टरची पाटी मी जीव लावून केली, तर अण्णांनी त्यांच्यासमोरच कोपरा नखानं उचलून दाखवला. "बघा डॉक्टरसाहेब, हे असं निघतं. पोरगी हौशी हाय, चालवून घ्या." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मीही काही गरीब गाय नव्हते म्हणा. ते लिहीत असले आणि गिऱ्हाईक उभं असलं की मी गोड आवाजात विचारायची, "अण्णा, ही वेलांटी जरा हलली का?" त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. ते बघितलं की मला जेवण गोड लागायचं.

मला काय पाहिजे होतं ते सरळ सांगते. दुकानाच्या पाटीवर माझं नाव. पाटीवर अण्णांचं नाव होतं आणि खाली आर्ट्स. काम निम्म्याहून जास्त माझं, गिऱ्हाईक माझ्यासाठी थांबायचं, आणि पाटी बघून सगळे अण्णांना नमस्कार घालायचे. त्यात लासूर स्टेशनचं स्थळ आलं. आडत्याचं घर, खाऊनपिऊन सुखी. त्यांनी विचारलं, मुलगी काय करते? अण्णा म्हणाले, घरीच असते.

मी त्या दिवशी ताट सरकवलं. म्हटलं, "घरी असते? मग दुकानात कोण असतं, माझं भूत?"

अण्णा जेवत राहिले. पाणी पिऊन मग म्हणाले, "बायपासवर बिल्डरचं ऑफिस होतंय. पुढची सगळी काच आपल्याला लिहायचीय. तू लाव. एक बुडबुडा दिसला नाय पाहिजे. जमलं तर नवी पाटी करू, तुला पाहिजे तशी. नायतर लासूर." आई समोर बसली होती. मी तिला म्हटलं, "ऐकलंस ना?" ती म्हणाली, "ऐकलं." म्हणजे शब्द साक्षीनं झाला.

आता काचेची गोष्ट अशी की काचेला पाणी लागतं. शाम्पूचा थेंब टाकलेलं पाणी आधी फवारायचं, म्हणजे अक्षर लगेच चिकटत नाही, सरकवता येतं, आणि खालची हवा पट्टीनं घोटून बाहेर काढता येते. कोरड्या काचेवर एकदा टेकलं की टेकलं. आणि सालं ती दुष्काळाची. नळाचा वार आठवायला लागायचा. टँकर गल्लीच्या तोंडाशी आला की हंड्यांवरून झिंज्या उपटणं चालायचं, शिकल्यासवरल्या बायकांचंसुद्धा. शहर मात्र बायपासला, शेंद्र्याकडं, दिसेल तिकडं पसरत होतं आणि प्रत्येक नव्या इमारतीला पाटी लागत होती. दुष्काळात आमचा धंदा चांगला चालला हे बोलायला बरं दिसत नाही, पण चालला.

अण्णा मुद्दाम सगळ्यांसमोर सांगायचे, "आपल्या कामाला टर्पेंटाईन लागतं. माणसाच्या तोंडचं पाणी लागत नाय." म्हणून मी घरातलं मागितलंच नाही. माझ्या अंघोळीच्या वाटणीतलं थोडं थोडं मागं ठेवून मोठी बाटली भरली, शाम्पू टाकायचं कामावर जाऊन. जायच्या दिवशी सकाळी बघते तर बाटली रिकामी, आणि अण्णा तुळशीपाशी हात जोडून उभे.

"ते माझं पाणी होतं, अण्णा."

"व्हय का? देवाला तहान लागली होती."

आई आत भांडी लावत होती, ती लावतच राहिली. वर मलाच म्हणाली, "तुळशीला घातलंय, शिव्या देऊ नको."

बायपासला पोचलो तर ऑफिससमोर कारंजं उडत होतं. खोटं नाही सांगत. त्या स्कीमच्या नावात सरोवर होतं, म्हणून समोर पाणी दाखवायचं होतं. मी बाटली घेऊन वाकले तर वॉचमन धावत आला. "ओ मॅडम, हात नका लावू. ते पाणी कस्टमरला बघायला हाय." मी मॅनेजरकडं गेले. त्यानं फोनवरचं बोलणं न थांबवता मान हलवली, नाही म्हणून. अण्णा तोवर सावलीत खुर्ची घेऊन बसले होते. खिशातून रुमालात गुंडाळलेला ब्रश डोकावत होता आणि पायाशी रंगाची डबी. पोरीचं बिघडलं की आपण उठायचं आणि हातानं लिहून द्यायचं, असा सगळा बेत. तो बेत बघून मला इतका राग आला की भीती पळून गेली.

कोरडीच लावली. अख्खं नाव आधी टेपच्या तुकड्यांनी काचेवर टांगून घेतलं, मधोमध टेपची उभी पट्टी मारली. एका बाजूचा मागचा कागद सोडवला, कापला, आणि मधून बाहेर, मधून बाहेर घोटत गेले. मग दुसरी बाजू. शेवटची टेप उलटी ओढून काढली तेव्हा ऊन काचेवर आलं होतं आणि अक्षरं अशी बसली होती की काचेतच उगवल्यासारखी. मी जवळून पाहिलं, तिरकं पाहिलं. एकही बुडबुडा नव्हता.

मॅनेजर बाहेर आला. "वा चाचा, एक नंबर! ये लडकी कौन?"

अण्णा उठले. "काम आपलंच हाय साहेब. पोरगी हाताखाली ठेवलीय." आणि रुमाल सोडून ब्रश काढला, डबीत बुडवला आणि काचेच्या उजव्या कोपऱ्यात खाली सही केली. मनगट दुसऱ्या हातानं धरून. माझ्या रेडियमच्या खाली त्यांची वाकडी सही, आणि मी टेपचा चोळामोळा हातात घेऊन उभी. त्या क्षणी तिथं विहीर असती तर मी ढकलून दिलं असतं त्यांना, पण त्या सालात विहिरीतही काय होतं!

परतताना स्कूटरवर म्हटलं, "शब्द दिलाय तुम्ही."

"मग? मी कुठं नाय म्हणतोय. पाटी करू की नवी."

आणि केली. पत्रा आणला, निळा रंग दिला, वाळवला. मग माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "लिही. माझं नाव मोठं. पुढं आर्ट्स अँड सन्स."

मला वाटलं थट्टा करतायत. "सन्स? कोण सन्स?"

"लोकांना बरं वाटतं. दुकान पुढं चालणारंय असं वाटतं."

आई डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "अहो, मला कुठं झालाय मुलगा?"

"म्हणून तर लिहावं लागतंय," अण्णा म्हणाले.

आईनं डबा टेबलावर ठेवला आणि गेली. मी पडद्याकडं बघत बसले. रडले नाही. रडण्यासारखं काही बाकी ठेवलंच नव्हतं त्या माणसानं. मग मी अक्षरं मांडली. अण्णा मागं उभे राहून बघत होते, चष्मा वर-खाली करत, त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांचं नाव मी नीट वेल्ड केलं. आर्ट्स वेल्ड केलं, अँडसुद्धा. सन्स सोडून दिला. ब्लेडनं तो जोडाजोडाला कापला आणि मी तो तसाच पत्र्यावर लावला, हळूहळू घोटून, प्रेमानं. लासूरला मी गेले नाही. मशीन सोडून जात नाही म्हणून सांगितलं, आणि अण्णांनाही तेव्हा फुकटचा हात सोडवत नव्हता.

पाटी चढली तशी माणसं विचारायला लागली. "मुलगा काय करतो अण्णा? दिसला नाय कधी." अण्णांनी डोळ्याची पापणी न लववता सांगितलं, "पुण्याला असतो." पुढंपुढं तो इंजिनियर झाला. मी शेजारी बसून नंबरप्लेटी सोलत हे ऐकायची. एका बाईनं तर त्याच्यासाठी आपल्या भाचीचा फोटो आणून दिला होता.

पुढचा उन्हाळा आला, आदल्यापेक्षा कडक. आधी सन्सच्या रेघेचा एक तुकडा गेला, मग अर्धा न. अण्णा रस्त्यात उभे राहून वर बघायचे. मी आतून त्यांना बघायची. काय सांगू, गार वाटायचं मला. "परत कापून दे," ते म्हणाले. मी म्हटलं, "मशीन बिघडलंय." मशीन त्यांच्यासमोर चालू होतं.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. अण्णांनी शिडी काढली. भर दुपारी, अख्खा बाजार बघत असताना वर चढले आणि गळालेला तुकडा ब्रशनं भरायला लागले. एका हातानं शिडी, दुसऱ्या हातात ब्रश, मनगट धरायला तिसरा हात नव्हता. हात लटलट हलत होता. चहावाला हसला, बॅगवाला हसला. डबा घेऊन आलेली आई आतून म्हणाली, "जा, शिडी तरी धर." मी गेले नाही. पुढच्या उन्हाळ्यात आणखी गळालं, अण्णांनी आणखी भरलं. असं करत करत सबंध शब्द ब्रशचा झाला. पुढं अण्णा गेले, मागून आई गेली.

दुकान आता माझं आहे. मोठं मशीन आणलं. उन्हानं रंग उडतो म्हणून पाटीवरचं अण्णांचं नाव, आर्ट्स, अँड, सगळं मी काढून नव्यानं लावलं, दोनदा. त्या दोन्ही वेळी सन्स खरवडून काढायला ब्लेड घेऊन शिडी चढले. जवळून बघितलं की अक्षरं हललेली दिसतात, स तर पार वाकडा. पण वरची रेघ त्यांनी कुठल्यातरी उन्हाळ्यात परत एकदा एका दमात ओढलेली आहे. कुठं जोड नाही. तिच्यात ब्लेडचं टोक घालायला जागाच सापडत नाही, असं मी स्वतःला सांगते आणि खाली उतरते. येणारे-जाणारे म्हणतात, मॅडम, तो शेवटचा शब्द हातानं लिहिलाय ना, काय भारी दिसतो, आम्हाला तसं करून द्या. मी म्हणते, येत नाही आम्हाला.

परवा एक नवं गिऱ्हाईक आलं. मी मशीनवर बसलेली, समोर रोल, हातात ब्लेड. त्यानं बाहेर जाऊन पाटी वाचली, परत आत आला आणि माझ्या डोक्यावरून मागच्या खोलीकडं बघत म्हणाला, "मालक नाहीत का?"

मी म्हटलं, "पुण्याला असतात."